पागडी न देता आलेले भाडेकरू

मुंबईत किंवा ठाण्यात जागा मिळवणं ही काय चीज आहे हे ज्याला एकदा कळलं, त्याला पक्ष्यांबद्दल आपोआप आदर वाटू लागतो. बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर गेली. समोर बसलेला माणूस पगाराच्या पावत्या, दोन जामीनदार, सोसायटीचं ना-हरकत पत्र असं सगळं बाड घेऊन यायचा आणि तरीही त्याच्या चेहऱ्यावर ‘होईल ना साहेब?’ हा प्रश्न असायचाच. निवृत्त झालो, ठाण्याच्या घरी सकाळचा चहा गॅलरीत घेण्याची चैन करू लागलो आणि ध्यानात आलं, की ज्यांच्यापाशी जामीनदार नाही, पगाराची पावती नाही, बिल्डरची ओळख नाही, अशा कितीतरी जणांनी माझ्या नजरेच्या टप्प्यात बिनबोभाट संसार थाटले आहेत!

समोरच्या नव्या इमारतीत एसीच्या बाहेरच्या पेटीवर होल्यांचं एक जोडपं आहे. घरटं म्हणजे काय, तर पाच-पन्नास काड्या, त्याही इतक्या विरळ की खालून पाहिलं तर अंडं दिसावं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंडीत बुलबुलाने दोनदा पिल्लं काढली. त्या काळात काकूंनी झाडाला पाणी घालायचं ते चमच्याने. केबलवाल्याने अर्धवट तोडून लोंबकळत ठेवलेल्या वायरीला शिंजीराची पिशवी टांगलेली. आणि फाटकावरच्या सिमेंटच्या छज्जाखाली पाकोळ्यांची एक अख्खी चाळ. पिसं आणि गवत थुंकीने चिकटवून केलेली, एकाला एक लागून असलेली घरटी. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास पन्नासेक पाकोळ्या कर्कश किलबिलाट करत इमारतीभोवती घिरट्या घालतात, तेव्हा शाळा सुटल्यासारखं वाटतं.

आपण म्हणतो, बिचारे पक्षी, जंगल तुटलं म्हणून शहरात आले. काही बाबतींत ते खरंही आहे. पण पाकोळीला किंवा पारव्याला ‘बिचारं’ म्हणण्याचं कारण नाही. पारवा मूळचा कडेकपारीत राहणारा पक्षी. सह्याद्रीच्या कड्यांवर, विहिरींच्या कपारींत तो आजही राहतो. झाडाच्या फांदीवर बसायला तो फारसा उत्सुक नसतो. त्याला हवी असते सपाट, अरुंद, उंचावरची पट्टी. आता त्याच्या नजरेने आपल्या शहराकडे पाहा. गोरेगावपासून दहिसरपर्यंत आणि माजिवड्यापासून घोडबंदरपर्यंत आपण त्याच्यासाठी कडेच कडे उभे केले आहेत. प्रत्येक खिडकीला एक छज्जा, प्रत्येक न्हाणीघराला एक डक्ट. आपण ज्याला सिमेंटचं जंगल म्हणून नावं ठेवतो, त्यात पारव्याला जंगल दिसतच नाही. त्याला दिसतो डोंगर.

१९८०च्या दशकात फोर्टातल्या एका जुन्या दगडी इमारतीतल्या शाखेत मी होतो. तिथल्या रेकॉर्ड रूमचा झरोका वरून फुटलेला होता आणि आतल्या फळ्यांवर पारव्यांच्या किमान तीन पिढ्या नांदत होत्या. जुनी लेजरं, व्हाउचरांचे गठ्ठे आणि त्यांवर पांढरा-हिरवा थर. एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी अहवालात गंभीरपणे लिहिलं, की अमुक क्रमांकाचं लेजर पक्ष्यांच्या विष्ठेमुळे वाचण्याजोगं राहिलेलं नाही. आमच्या मॅनेजरांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, ‘नोंद घेतली आहे.’ झरोका पुढे तीन वर्षं तसाच होता.

पारव्याच्या यशाचं आणखी एक गुपित आहे, आणि ते मला कळलं तेव्हा चिमणी का हरली याचाही उलगडा झाला. बहुतेक दाणे खाणारे पक्षी पिल्लांना मात्र किडे, अळ्या भरवतात, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात. पारव्याला तीही गरज नाही. नर आणि मादी, दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत दह्याच्या गोळ्यासारखा एक पौष्टिक पदार्थ तयार होतो; पिल्लांचे पहिले दिवस त्यावरच निघतात. म्हणजे आईबापाला ज्वारी मिळाली, की पिल्लाचं दूध तयार. अळी मिळो न मिळो, पाऊस पडो न पडो. म्हणूनच पारव्याची वीण वर्षभर चालू राहते.

चिमणीचं गणित वेगळं. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. १९६०च्या दशकातली चाळ. भिंतीवर दत्ताची, शिवाजीमहाराजांची आणि आजोबांची तसबीर. वरच्या बाजूने पुढे झुकलेली. त्या प्रत्येक तसबिरीच्या मागे चिमण्यांचं बिऱ्हाड असे. काड्या आजीच्या अंथरुणावर पडायच्या आणि आजी चिमण्यांना नव्हे, तर आजोबांच्या तसबिरीला उद्देशून चार शब्द सुनवायची. दुपारी चाळीच्या गॅलरीत बायका सुपात तांदूळ, गहू घेऊन निवडायला, पाखडायला बसत. कोंडा, कणी, टोके, सोंडे सगळं तिथेच पडे. चिमण्या इतक्या जवळ येत की सूप आपटूनच त्यांना हाकलावं लागे. तान्ह्या मुलाला घास भरवताना चिऊ-काऊ म्हणायची पद्धत पडली ती उगाच नाही. ते दोघे खरोखरच समोर बसलेले असत.

आता तांदूळ निवडलेला येतो, पिशवीत बंद होऊन येतो. भिंतीवरच्या तसबिरी सपाट चिकटल्या. कौलं गेली, वाशांमधल्या फटी गेल्या, बाहेरच्या भिंतीला काच आली. चिमणीला बीळ हवं, पोकळी हवी. आणि पिल्लांसाठी अळ्या हव्यात. सोसायटीच्या बागेत आपण विदेशी शोभेची झुडपं लावतो, त्यांवर आपले किडे पोसत नाहीत. आणि जे चुकूनमाकून येतात, त्यांच्यावर माळी दर महिन्याला औषध मारतो. मोठी चिमणी चपातीच्या तुकड्यावर जगेल, पण तिचं पिल्लू चपातीवर मोठं होत नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ‘चिमणी संपली’ असा जो टाहो दर वर्षी २० मार्चला, म्हणजे जागतिक चिमणी दिनाला, फुटतो, तो सबंध देशाला लागू नाही. देशभरच्या हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल निघाला. त्यानुसार देशात एकंदरीने चिमण्यांची संख्या स्थिर आहे. ती उतरणीला लागली आहे ती मोठ्या महानगरांत. गावी जाऊन आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कोकणातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर चहाच्या टपरीपाशी आजही चिमण्या पायात येतात. याच मालिकेतल्या २०२३च्या अहवालात ज्यांची संख्या वाढली म्हणून नोंद आहे, त्यांत पारवा आहे, मोर आहे आणि कोकीळही आहे.

कोकिळेची वाढ तर कावळ्याच्या जिवावर. कावळा हा शहराचा खरा मूळ रहिवासी म्हटला पाहिजे. माणसाच्या वस्तीपासून दूर, नुसत्या रानात हा राखाडी मानेचा गावकावळा सहसा राहतच नाही. माणूस जिथे, तिथे तो. माणसाच्या जहाजावरून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला पोचला. १९९४ साली तर नेदरलँड्समधल्या हूक फान हॉलंड या बंदरात उतरून त्याने तिथे वंश वाढवला. केनियात त्याचा उपद्रव इतका झाला, की २०२४ मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याने दहा लाख भारतीय कावळे मारण्याचा बेत जाहीर केला. परदेशात जाऊन नाव काढणाऱ्या भारतीयांच्या यादीत हे नाव कुणी घालत नाही, ही गोष्ट वेगळी.

कावळ्याला काड्या मिळाल्या नाहीत तर तो तारा गोळा करतो. बांधकामावरची सळया बांधायची तार, विजेच्या वायरीचे तुकडे. तोकियोतले कावळे कपडे अडकवायचे तारेचे हँगर पळवतात आणि विजेच्या खांबावर घरटं बांधून वीज घालवतात. अशा मेहनतीने बांधलेल्या घरट्यात कोकिळा येऊन अंडं घालते. ओरडून लक्ष वेधायचं काम काळ्याभोर नराचं, आणि तेवढ्यात ठिपकेदार तपकिरी मादी आपलं काम उरकते. आपण कवितेत ‘कोकिळा गाते’ म्हणतो, पण गातो तो हा नर. कोकीळ स्वतः मुख्यतः फळं खाणारा. वड, पिंपळ, उंबर आणि घराघरांतून लावलेली फुलझाडं-फळझाडं यांवर त्याचं भागतं. पोरं सांभाळायला कावळा आहेच. माझ्या ओळखीतली काही नोकरदार जोडपी आजी-आजोबांचा असाच उपयोग करतात, पण तो विषय या लेखाचा नाही.

कावळ्याचं एक मात्र आहे. एरवी त्याला हाकलणारे आपण पितृपक्षात त्याची वाट पाहत गच्चीवर उभे असतो. गेल्या काही वर्षांत मी नवीन उत्तुंग संकुलांतली मंडळी पान हातात धरून हिंडताना पाहिली आहेत. विसाव्या मजल्यावर कावळा येत नाही, खाली बागेत सुरक्षारक्षक पान ठेवू देत नाही. मग गाडी काढून तलावपाळीला जायचं. ज्या जुन्या झाडावर कावळे रात्री वस्तीला येत, ते पार्किंगसाठी काढलेलं असतं.

पक्षी शहराशी जुळवून घेतात म्हणजे नेमकं काय करतात, याचा अभ्यास जगभर चालू आहे आणि त्यातल्या काही गोष्टी कादंबरीकाराला हेवा वाटावा अशा आहेत. हॉलंडमधल्या लायडन शहरात स्लाबेकूर्न आणि पेट या दोन संशोधकांनी ग्रेट टिट नावाच्या लहानशा पक्ष्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. २००३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या भागात रहदारीची घरघर जास्त, तिथले नर वरच्या पट्टीत गातात. रहदारीचा आवाज खर्जातला असतो, त्यात खालचे सूर बुडून जातात. मग पक्ष्याने पट्टी चढवली. उलट प्रकार सॅन फ्रान्सिस्कोत दिसला. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत रस्ते सुने झाले, तेव्हा तिथल्या पांढऱ्या तुऱ्याच्या चिमण्या हळू आवाजात आणि खालच्या सुरांपर्यंत उतरून गाऊ लागल्या. म्हणजे इतकी वर्षं त्या ओरडून बोलत होत्या. त्याच दिवसांत आमच्या मागच्या पिंपळावर तांबटाचा ‘टुक् टुक्’ दिवसभर ऐकू येई. तांबट काही नव्याने आला नव्हता. घोडबंदर रस्ता गप्प झाला होता.

हे झालं शिकण्याचं. पण शहर पक्ष्याच्या रक्तात उतरतं का? युरोपातला ब्लॅकबर्ड, म्हणजे आपल्या कस्तुराचा भाऊबंद, पूर्वी दाट जंगलात राहणारा लाजरा पक्षी होता. एकोणिसाव्या शतकात तो हळूहळू शहरांतल्या बागांत शिरला. जर्मनीत म्युनिक शहरातली आणि जवळच्या जंगलातली ब्लॅकबर्डची पिल्लं घरट्यातूनच उचलून येस्को पार्टेके या शास्त्रज्ञाने त्यांना एकाच ठिकाणी, एकाच अन्नावर वाढवलं. तरीही फरक राहिला. शहरी पिल्लं मोठी झाल्यावर पकडलं असता त्यांच्या रक्तात भीतीचं, ताणाचं संप्रेरक कमी वाढे. स्थलांतराची ओढही शहरी नरांत कमी दिसली. हिवाळ्यातही शहर थोडं उबदार असतं, खायला मिळतं. मग जायचं कशाला? तीन पिढ्या मुंबईत काढलेल्या चाकरमान्याला गणपतीला गावी जायचा कंटाळा येऊ लागतो, तशातला प्रकार.

मेक्सिको शहरातल्या चिमण्यांची गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करून गेली. तिथल्या चिमण्या आणि फिंच पक्षी घरट्यात सिगारेटची थोटकं आणून त्यांचा कापूस अंथरतात. २०१३च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिलं, की ज्या घरट्यात हा कापूस जास्त, त्यात पिल्लांचं रक्त शोषणाऱ्या गोचिड्या, पिसवा कमी. निकोटिन हे मुळात कीटकनाशकच. वाचून मी थक्क झालो. आपल्याकडे धान्यात कडुनिंबाचा पाला ठेवतात, तसंच हे. पण पुढच्या अभ्यासात दिसलं, की त्याच विषाने पिल्लांच्या पेशींनाही इजा होते. बँकेच्या भाषेत, जमेच्या बाजूला एक नोंद आणि खर्चाच्या बाजूला एक. शहर पक्ष्यांना जे देतं, ते बहुधा असंच देतं.

या देण्याघेण्यात माणसाची श्रद्धाही येते. दिल्लीच्या घारी हे त्याचं उत्तम उदाहरण. १९६०च्या दशकात गालुशिन या रशियन पक्षितज्ज्ञाने दिल्लीतले शिकारी पक्षी मोजले, तेव्हा एका चौरस किलोमीटरला घारींच्या सुमारे १६ जोड्या भरल्या. शिकारी पक्ष्यांची इतकी दाटी जगात क्वचितच कुठे असेल. अलीकडे निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घारींचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. कचरा तर कारण आहेच. पण जुन्या दिल्लीत पुण्य म्हणून, संकट टळावं म्हणून मांसाचे तुकडे आकाशात उडवण्याची जुनी रीत आहे, आणि घारी आपली घरटी त्या हिशेबाने बांधतात. ज्या वस्तीत असं दान जास्त, तिथल्या घारी पिल्लांच्या काळात माणसावर झडप घालायलाही कमी करत नाहीत. माणसाची भीड चेपलेली असते ना! त्याच दिल्लीत पतंगाच्या मांज्याने पंख कापलेल्या घारींवर उपचार करणाऱ्या भावांवर शौनक सेन यांनी २०२२ साली ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट केला. काच लावलेला, नायलॉनचा मांजा २०१७ पासून देशभर बंद आहे. संक्रांतीनंतर ठाण्यातल्या कुठल्याही झाडाकडे वर पाहा आणि मग ठरवा, किती बंद आहे ते.

श्रद्धेचा विषय निघालाच आहे, तर आमच्या सोसायटीत घडलेली गोष्ट सांगतो. निवृत्त बँकवाल्याला सोसायटीत एकच पद मिळतं, खजिनदाराचं. त्यामुळे हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं. चौथ्या मजल्यावर एक आजोबा राहतात. त्यांच्या पत्नी गेल्या त्या वर्षापासून ते रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर ज्वारी घालायचे. काकू दाणे घालायच्या, म्हणून हे घालायचे; महिन्याला दहा किलो. सात वाजता शे-दीडशे पारवे हजर. खालच्या मजल्यांवरच्यांच्या तक्रारी होत्याच. वाळत घातलेले कपडे, एसीची जाळी, घाण. सभेत दर वेळी विषय निघे आणि ‘म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं’ म्हणून बाजूला ठेवला जाई.

मग त्यांच्या सुनेला खोकला लागला. बाई शाळेत शिक्षिका, वय पंचेचाळीस. आधी ॲलर्जी म्हणून औषधं झाली, मग दमा म्हणून. जिना चढताना धाप लागू लागली. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी फुप्फुसांचा स्कॅन काढला आणि तो पाहून पहिला प्रश्न विचारला, ‘घरात कबुतरं येतात का?’ पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेतले आणि पिसांच्या भुकटीतले कण वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिले, की काहींच्या फुप्फुसांना त्याची सूज येते आणि ती लांबली तर फुप्फुस निबर होत जातं. सगळ्यांना होत नाही. त्याच घरात राहून आजोबांना काही झालं नव्हतं.

त्या दिवसापासून आजोबांनी दाणे बंद केले. कुणी सांगावं लागलं नाही. पण पारव्यांना कोण सांगणार? ते सकाळी सातला यायचे आणि कठड्यावर बसून आत पाहायचे. आजोबा काचेच्या आत उभे. मी एकदा सोसायटीच्या वर्गणीच्या निमित्ताने सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा मला म्हणाले, ‘अहो, तिच्या माहेरची माणसं दारात उपाशी बसल्यासारखं वाटतं मला.’ काय बोलावं सुचेना. उरलेली सहा किलो ज्वारी त्यांनी कामवाल्या मावशींना दिली. तिच्या भाकऱ्या झाल्या. पुढे जाळी बसली. पारवे तीन-चार आठवडे येत राहिले, मग कमी झाले. सुनेचा खोकला आता बराच आटोक्यात आहे, पण फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेला, असं डॉक्टर म्हणतात. शाळेत तिला तळमजल्यावरचा वर्ग मागून घ्यावा लागला.

२०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद झाला, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली, लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हे एकच घर होतं. दाणे घालणारा माणूस दुष्ट नसतो. पण मूठभर दाण्यांनी आपण ‘पक्षी’ वाढवत नसून एकच जात वाढवतो, एवढं तरी मान्य व्हायला हवं. पारव्याचाच चुलतभाऊ, महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, दाण्यांकडे ढुंकून पाहत नाही. त्याला वडाची, पिंपळाची फळं लागतात. त्याच्यासाठी कुणी पुण्य म्हणून वड लावल्याचं ऐकिवात नाही.

आणि ज्यांना जुळवून घेता आलं नाही? सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक हा उघड्या माळावर जमिनीवर बहुधा एकच अंडं घालणारा पक्षी. तो छज्जावर कसा येणार? गिधाडाची गोष्ट तर आणखी विचित्र. ते शहराला सरावलेलं होतं. गालुशिन यांच्या मोजणीत दिल्लीत गिधाडांच्याही शेकडो जोड्या होत्या. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाचा अंत्यविधी शतकानुशतकं त्यांच्या भरवशावर होत असे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने मेलेलं ढोर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून अधिक संपली होती. एका पक्ष्याने शेकडो वर्षं माणसाशी जुळवून घेतलेलं, एका स्वस्त इंजेक्शनने पंधरा वर्षांत पुसलं.

फ्लेमिंगोंचंही तेच होऊ नये म्हणजे झालं. १९९०च्या दशकात शिवडीच्या चिखलात ते मोठ्या संख्येने दिसू लागले. आपल्याच सांडपाण्याने खाडीत शेवाळ माजलं आणि त्यावर हे गुलाबी पाहुणे पोसले गेले, असं जाणकार म्हणतात. २०१५ साली ठाणे खाडीचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. आणि २०२४च्या मे महिन्यात एका रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला धडकून सुमारे चाळीस फ्लेमिंगो वस्तीत येऊन पडले. नव्या मुंबईतली ज्या तळ्यांवर ते भरतीच्या वेळी विसाव्याला जातात, ती तळी बुजली तर ते उडून जाणार कुठे, आणि कुणाच्या वाटेत, हा हिशेब विमानतळ बांधणाऱ्यांनीही करायला हवा.

तूर्त माझ्यापुढे लहान हिशेब आहे. आमची चार मजली इमारत १९८४ सालची. ती आता पुनर्विकासाला चालली आहे. जागी बावीस मजली काचेची इमारत येणार. फाटकावरचा तो छज्जा, म्हणजे पाकोळ्यांची चाळ, पहिल्याच दिवशी जाईल. मागच्या भिंतीत प्लंबरने पाइपासाठी पाडलेल्या आणि न बुजवलेल्या दोन भोकांत चिमण्यांची दोन बिऱ्हाडं आहेत. आमच्या गल्लीतली बहुधा शेवटची. तेही जातील. पारव्यांची चिंता नको, त्यांना बावीस मजले मिळतील.

इंग्लंडमध्ये भिंतीत बसवायच्या पोकळ विटा मिळतात. बाहेरून एक फट, आत एका घरट्यापुरती जागा. मुळात पाकोळ्यांसाठी केलेल्या, पण चिमण्याही त्यांत राहतात. मी कागदावर चित्र काढून गेल्या महिन्याच्या सभेत ते आर्किटेक्टपुढे ठेवलं. खालच्या सहा मजल्यांपर्यंत, उत्तरेच्या भिंतीत, वीस विटा. सभासदांपैकी एकाने विचारलं, ‘साहेब, यातून पारवे येतील का?’ मी सांगितलं, फट चार बोटं लांब आणि दोन बोटं रुंद, पारवा मावत नाही. चौथ्या मजल्यावरची शिक्षिका मागच्या खुर्चीवर बसली होती. तिने हात वर केला आणि म्हणाली, ‘नक्की मावत नाही ना काका? मग माझी हरकत नाही.’ आजोबांनीही हात वर केला. एकूण अकरा हात झाले, सभासद चोवीस.

आर्किटेक्ट तरुण मुलगा आहे. त्याने चित्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, ‘बिल्डर काय म्हणतील माहीत नाही. पण एका विटेला काय पडेल ते मी विचारून सांगतो, काका.’ इतिवृत्तात विषय क्रमांक नऊ म्हणून त्याची नोंद आहे. पुढची सभा येत्या रविवारी.